बाळावरचे दुपटे : एका चित्रशाळेच्या चित्राचे प्रकरण

हे प्रकरण इटलीच्या तोस्काना प्रांतातल्या एका डोंगरी गावातल्या चर्चचे आहे. गावाचे आणि माणसांचे नाव देत नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. चित्रसंवर्धनाचे शिक्षण संपवून मी ज्या छोट्या चमूत काम करत होते, त्या चमूकडे हे चित्र आले. फोटो काढणे, अवरक्त किरणांची (रंगाखालचे रेखाटन दाखवणारी) छायाचित्रे घेणे आणि नोंदी ठेवणे हे माझे काम. हे चित्र कोणत्याही मोठ्या ग्रंथात नाही. तरी इतक्या वर्षांत मी सर्वांत जास्त विचार याच चित्राचा केला आहे.

पार्श्वभूमी

विषय ख्रिस्तजन्माचा, मेंढपाळ बाळाला पाहायला आले आहेत तो क्षण. पॉप्लरच्या चार उभ्या फळ्या सरसाने जोडून केलेला पाट, त्यावर खडू-सरसाचा पांढरा लेप आणि त्यावर तैलरंग. उंची माणसापेक्षा थोडी जास्त. वेळ रात्रीची. मधोमध जमिनीवर गवताच्या पेंढीवर बाळ, डावीकडे गुडघे टेकलेली मरिया, तिच्या मागे काठीवर रेललेला योसेफ, उजवीकडे तीन मेंढपाळ, वर ढगात एकमेकांत गुंतलेले देवदूत. पुढच्या मेंढपाळाची पाठ आपल्याकडे आहे आणि चेहरा मात्र खांद्यावरून वळून पुन्हा आपल्याकडेच. खरा माणूस असा वळला तर मान मोडेल. त्याच्या अंगरख्याचा रंग उजेडात लिंबाच्या सालीसारखा पिवळा आणि सावलीत एकदम गुलाबी.

ही सगळी मॅनरिझमची लक्षणे. चित्रकार राफाएल 1520 मध्ये गेला. त्याच्या मागून आलेल्यांची अडचण अशी, की प्रमाणबद्ध शरीर, खोली, समतोल हे आधीच्यांनी साधून ठेवले होते. मग या पिढीने ढबीलाच हात घातला. माना लांबल्या, धडांना पीळ पडला, रंग एकमेकांना टोचू लागले. ‘मानिएरा’ म्हणजे ढब. नाव त्यावरून पडले.

गेल्या शतकातल्या एका यादीत या चित्रापुढे लिहिले होते, ‘वासारीची बोत्तेगा’. बोत्तेगा म्हणजे उस्तादाची चित्रशाळा, जिथे रंग घोटणाऱ्या पोरापासून तयार चित्रकारापर्यंत सगळे एका छपराखाली काम करतात. जॉर्जो वासारी (1511–1574) कलावंतांची चरित्रे लिहिणारा म्हणून आज ओळखला जातो, पण तो स्वतः फार मोठ्या पसाऱ्याचा चित्रकार होता. फ्लोरेन्सच्या पालाझ्झो वेक्क्योतली दालने त्याने एकट्याने रंगवणे शक्यच नव्हते. स्त्रादानो, नाल्दिनी, झुक्की असे हाताखालचे चित्रकार पुढे स्वतःच्या नावाने मोठे झाले. रोममधले एक दालन त्याने 1546 मध्ये शंभर दिवसांत पुरे केले, तेही मदतनिसांच्या जोरावर. तेव्हा ‘चित्रशाळेचे चित्र’ म्हणजे नक्कल नव्हे, फसवणूक तर नव्हेच. त्या काळी चित्रे बहुतांशी अशीच तयार होत.

बाळाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सगळे प्रकरण तिथेच येऊन थांबते. स्वीडनची संत ब्रिजिता 1372 मध्ये बेथलेहेमला गेली असता तिला दर्शन झाले असे म्हणतात. त्यात बाळ उघडे, जमिनीवर, आणि त्याच्या अंगातून असा प्रकाश निघतो आहे की योसेफाची मेणबत्ती फिकी पडावी. चित्रकारांनी हे दर्शन उचलून धरले. कोरेज्जोच्या, आज ड्रेस्डेनमध्ये असलेल्या रात्रीच्या चित्रात सगळा उजेड बाळाचा आहे. वासारीने 1538 मध्ये कामाल्दोलीच्या मठासाठी ख्रिस्तजन्म रंगवला, तोही रात्रीचा. आमचा चित्रकार याच वाटेवरचा. मरियेच्या तळव्यांवर, योसेफाच्या दाढीखाली, मेंढपाळाच्या हनुवटीवर खालून उजेड पडलेला आहे. पण तो जिथून यायला हवा तिथे, बाळाच्या छातीपासून गुडघ्यापर्यंत, मळकट पिवळे कापड गुंडाळलेले होते. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गुंडाळून गव्हाणीत ठेवल्याचे आहेच. मराठी बायबलमध्ये त्याला ‘बाळंते’ हा नेमका शब्द आहे. आम्ही आपसात इटालियनच बोलायचो, पण माझ्या वहीत मी त्या कापडाला पहिल्या दिवसापासून ‘दुपटे’ लिहिले.

अडचण

चर्चमध्ये गरम हवा सोडणारी नवी यंत्रणा बसली आणि दुसऱ्याच हिवाळ्यात रंग उचलायला लागला. आठवडाभर दगडी चर्च थंड आणि दमट. रविवारी सकाळी दोन-तीन तास कोरड्या गरम हवेचे झोत. दुपारी पुन्हा थंड. पॉप्लर ओल पटकन घेते आणि पटकन सोडते. पाटाच्या मागच्या, उघड्या बाजूने लाकूड आक्रसते, पुढची रंगाची बाजू तेवढी हलत नाही. त्यात मागचे आडवे दांडे कोणीतरी खिळ्यांनी घट्ट ठोकून टाकलेले. हलायला जागाच नाही म्हटल्यावर फळ्यांचे सांधे उघडले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचा रंग छपरासारखा वर आला.

चर्चची देखभाल करणाऱ्या आजींना वेदीच्या कापडावर रंगाचे पापुद्रे सापडू लागले. त्यांनी ते झाडून टाकले नाहीत. गोळ्यांच्या रिकाम्या डबीत कापूस घालून त्यावर एकेक ठेवला, आणि झाकणावर प्रत्येक रविवारची तारीख लिहिली. इतकी व्यवस्थित नोंद मी प्रशिक्षित लोकांकडूनही क्वचित पाहिली आहे.

तातडीची अडचण ही. पण पैसे एका स्थानिक प्रतिष्ठानाने दिले होते आणि त्यांच्यापुढे ठेवलेल्या प्रस्तावात, मंजुरी सोपी जावी म्हणून, वासारीचे नाव पहिल्याच ओळीत होते. परिणाम असा झाला, की गावात प्रत्येकाला वाटू लागले, वरचा मळ आणि नंतरचा रंग काढला की खाली उस्तादाचा हात दिसेल. दुपटे हा त्या आशेतला सर्वांत मोठा अडसर. ते मुळातले नाही, हे साध्या डोळ्यांनाही कळत होते. गवताच्या काड्या त्याच्या कडेशी अर्ध्यात तुटत होत्या.

तपासणी, आणि एक घाई

अवरक्त छायाचित्रांत मरिया आणि योसेफ यांच्या रेषा बारीक ठिपक्यांच्या निघाल्या. म्हणजे पूर्ण मापाच्या कागदावर चित्र काढून, रेषेवर टाचणीने भोके पाडून, वरून कोळशाची पूड झाडलेली. छाप्याची रांगोळी काढणाऱ्यांना ही युक्ती वेगळी सांगायला नको. मेंढपाळ मात्र मोकळ्या हाताने, ब्रशने, दोनदा-तीनदा बदलून काढले होते. पुढच्या मेंढपाळाचा डावा हात आधी काठीवर होता, मग छातीवर आला. इथे निदान दोन स्वभावांची माणसे काम करत होती. एकाने शाळेतला तयार कागद वापरला, दुसऱ्याने पाटासमोर उभे राहून विचार केला. चित्रातला जिवंत भाग या दुसऱ्याचा, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. त्याचे नाव कळण्याचा मार्ग नाही.

मरियेची ठिपक्यांची बाह्यरेषा आम्ही प्रसिद्ध झालेल्या चित्रांवर ठेवून पाहिली. तंतोतंत कुठेच बसली नाही.

क्ष-किरणांचे फिरते यंत्र बाहेरून यायचे होते आणि त्याला सहा आठवडे होते. आम्ही थांबलो नाही. दुपट्याच्या गुडघ्याकडच्या कडेवर सूक्ष्मदर्शकाखाली साधारण 1 सेंटिमीटरची खिडकी उघडायची ठरली आणि ती मी उघडली. परवानगी होती, पद्धत बरोबर होती. पात्याने वरचा राखट थर अगदी अलगद निघाला. खाली जुन्या वार्निशची काळसर रेघ आणि तिच्याखाली बाळाच्या गुडघ्याचा रंग, गुलाबी, ओलसर चमक असलेला, एकही तडा नसलेला. त्या क्षणी खोलीतले सगळे जण माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. आमच्या मुख्य संवर्धक बाई म्हणाल्या, “सगळं असंच असेल.” मलाही तसेच वाटले. दुपट्याचे भवितव्य त्या एका सेंटिमीटरवर जवळजवळ ठरून गेले.

दुपटे कधीचे असावे याबद्दलही आमची गोष्ट तयार होती. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटमधल्या धर्मपरिषदेने डिसेंबर 1563 मध्ये धार्मिक चित्रांतल्या असभ्यतेवर बोट ठेवले. 1565 मध्ये दानिएले दा व्होल्तेर्रा या चित्रकाराने सिस्टिन चॅपेलमधल्या मिकेलांजेलोच्या ‘अंतिम न्याया’तल्या नग्न आकृत्या कापडांनी झाकल्या. आमचे उघडे बाळही त्याच लाटेत झाकले गेले असणार, असे आम्ही धरून चाललो. अंतरिम अहवालात तसे लिहूनही टाकले.

मग क्ष-किरणांचे चित्र आले. शिशाचा पांढरा रंग त्यात उजळ दिसतो, त्यामुळे बाळाची छाती, खांदे आणि दोन्ही गुडघे स्पष्ट उमटले होते. मधे, पोटापासून डाव्या मांडीपर्यंत, काहीच नव्हते. एक काळा आकार होता; खाली गोल, वर निमुळता होत गेलेला, थेंबासारखा. जुन्या वेदीचित्रांवर काम केलेल्या माणसाला हा आकार ओळखायला वेळ लागत नाही. मेणबत्तीची ज्योत लाकडाला लागली की असाच डाग पडतो.

आजींना ते चित्र दाखवले तेव्हा त्यांनी वेदीच्या दगडाकडे बोट केले. बाळाच्या बरोबर खाली दोन भोके होती, शिशाने बुजवलेली. पूर्वी तिथे लोखंडी दीपदान पक्के बसवलेले असे, हे त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होते. ती भोके माझ्या फोटोंमध्येही होती. मी त्यांना मोजमापही दिले होते. त्यांचा अर्थ मात्र मी कोणालाच विचारला नव्हता.

दुपट्याच्या कडेचा मोहरीपेक्षा लहान तुकडा कापून थर पाहिले. पांढरा लेप वरच्या बाजूने तपकिरी, भाजलेला. त्यावर खड्डा भरायला नंतर घातलेला मसाला. त्यावर दुपट्याचा पांढरा, आणि त्याच्या सावलीत प्रशियन निळा. हा रंग बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सापडला. त्याआधीच्या चित्रात तो असूच शकत नाही. ट्रेंटची आमची गोष्ट तिथेच संपली. बाळाला लाजेखातर झाकले नव्हते. ते भाजले होते, आणि दीड-दोनशे वर्षांनंतरच्या कोणा चित्रकाराने त्यावर दुपटे घातले होते.

पर्याय

पहिला पर्याय, फक्त रंग चिकटवायचा, लाकूड मोकळे करायचे आणि बाकी काहीच नाही. पैसे कमी, धोका कमी. पण पिवळ्या वार्निशखाली रात्र आणि उजेड दोन्ही एकाच रंगाचे झाले होते; तसेच सोडणे मला तरी चित्रावर अन्याय वाटत होता.

दुसरा, चित्र वस्तुसंग्रहालयात हलवायचे. हवा सांभाळली गेली असती. गावाने एका वाक्यात नकार दिला आणि आमच्यापैकी कोणी आग्रह धरला नाही.

खरी ओढाताण उरलेल्या दोघांत होती. दुपटे काढून बाळ उघडे करायचे, आणि जळलेली जागा बारीक उभ्या रेषांनी भरायची. दुरून रंग एकसंध दिसतो, जवळून भर घातलेली कळते. चेझारे ब्रांदी यांच्या रोममधल्या संवर्धन संस्थेने 1940 च्या दशकात बसवलेली ही रीत. किंवा दुपटे ठेवायचे आणि फक्त त्यावरचे वार्निश काढायचे.

काढण्याच्या बाजूने मोठा मुद्दा प्रकाशाचा होता. या चित्राचा दिवा म्हणजे बाळ. दिव्यावरच कापड असेल तर भोवतालच्या चेहऱ्यांवरचा उजेड खोटा ठरतो. प्रतिष्ठानाच्या प्रतिनिधींना हे पटत होते, मुख्य बाईंना पटत होते आणि मलाही. फ्लोरेन्समधल्या ब्रांकाची चॅपेलमध्ये आदाम-हव्वेवर नंतर रंगवलेली पाने 1980 च्या दशकात काढली, हे उदाहरणही समोर होते.

सोप्रिन्तेन्देन्झाच्या, म्हणजे सरकारी वारसा कार्यालयाच्या अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या, की पानांखाली मासाच्चोचे चित्र होते, तुमच्या दुपट्याखाली काय आहे? ‘अंतिम न्याया’च्या साफसफाईत नंतरची कापडे काढली, पण दानिएलेने घातलेली ठेवली. त्याने काही ठिकाणी मूळ गिलावाच खरवडून नव्याने रंगवले होते. तिथे परत जायला खाली काही उरलेच नव्हते. आमच्याकडेही पोट आणि मांडी आम्हीच रंगवली असती. जुन्या चित्रकाराचे दुपटे पुसून त्या जागी एकविसाव्या शतकातले पोट.

निर्णय कशाने फिरला

वादाने नाही. एका पुसलेल्या चौकोनाने.

निर्णय होण्याआधी दुपट्याच्या मधल्या भागावर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत फक्त वार्निश काढून बघू, असे ठरले. द्रावण जेलमध्ये धरून ठेवलेले, दोन मिनिटे, मग कोरडा कापूस. कापूस तपकिरी झाला आणि खालचे कापड पांढरे निघाले. पिवळट नव्हे, राखी नव्हे, चुन्याने धुतल्यासारखे पांढरे. पुढच्या दोन दिवसांत चौकोन वाढवला तेव्हा घड्या दिसू लागल्या, आणि त्यांच्या निळसर सावल्या सगळ्या बाहेरच्या अंगाला होत्या. उजेड आतून येतो आहे असे धरून त्या माणसाने प्रत्येक घडी रंगवली होती. मरियेच्या बाजूची किनार त्याने अगदी पातळ ठेवली होती, खालचा जुना उजेड तिच्यातून झिरपावा म्हणून.

त्याला चित्र कळले होते. बाळ परत मिळणार नाही हेही कळले होते, आणि त्याने उजेड वाचवला. मीही त्याच्या दुपट्याला आडकाठी मानत होते; पण त्या बोत्तेगातल्या मेंढपाळ काढणाऱ्यानंतर या पाटावर ज्याने विचार करून ब्रश ठेवला, तो हाच. दोघांचीही नावे नाहीत.

दुपटे ठेवायचे ठरले. एक सहकारी शेवटपर्यंत विरोधात होता आणि त्याचे मत नोंदीत जसेच्या तसे आहे: चित्राचा अर्थ उघड्या बाळात आहे, आणि भर घातलेली भर म्हणून दिसत असेल तर ती अप्रामाणिक नाही. या म्हणण्याला माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही.

प्रत्यक्ष काम

रंग जागेवर धरायला उचललेल्या भागांवर जपानी कागद डकवला, त्यातून पातळ माशाचा सरस आत सोडला आणि हलक्या उबेने पापुद्रे बसवले. कागद डकवून रंग वाचवण्याची ही रीत तोस्कानात फार जिवाभावाची आहे. 4 नोव्हेंबर 1966 च्या महापुरात फ्लोरेन्समध्ये असंख्य चित्रे अशीच वाचवली गेली. वासारीचेच पाच पाटांचे ‘शेवटचे भोजन’ तेव्हा पाण्यात बुडाले होते. ते सान्ता क्रोचेमध्ये पुन्हा लागायला 2016 उजाडले.

मागचे दांडे सोडवणे हे सर्वांत अंगमेहनतीचे काम. खिळे एकेक कापून काढले आणि दांडे असे बसवले, की ते पाटाला आधार देतील पण लाकूड आडवे सरकू शकेल. उघडलेले सांधे जुन्या पॉप्लरच्या पाचरींनी भरले. मग जुने वार्निश काढले. सांध्यांवरच्या गळालेल्या रंगात उभ्या रेषांची भर. माझी एक सेंटिमीटरची खिडकी जलरंगाने बंद केली, पाण्याने केव्हाही निघेल अशी.

परिणाम

चर्चने गरम हवेची यंत्रणा बंद केली आणि बाकांखाली मंद उष्णतेच्या पट्ट्या बसवल्या. हे झाले नसते तर बाकीचे सगळे वाया गेले असते. पुढच्या दोन हिवाळ्यांनंतरच्या पाहणीत दुसऱ्या सांध्याशी एका ठिकाणी रंग थोडा उचललेला सापडला, तो पुन्हा बसवला.

नावाची पाटी आता अशी आहे: ‘तोस्कानातील चित्रशाळा, सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध, बाळावरील वस्त्र अठराव्या शतकातील’. वासारीचे नाव गेले. त्याचा राग गावात काही काळ होता, आणि तो मला समजतो. तो राग आमच्या प्रस्तावाच्या पहिल्या ओळीने तयार केला होता. क्ष-किरणांचे चित्र पूर्ण मापात छापून शेजारच्या खोलीत लावले आहे. लोक आधी ते पाहतात, मग वेदीपाशी येऊन दुपट्याकडे बघत उभे राहतात.

आज पुन्हा करायचे झाले तर

क्ष-किरणांआधी पाते हातात घेणार नाही. माझी खिडकी चुकीची उघडली गेली नव्हती, पण ती चांगल्या जागी उघडली गेली हेच वाईट झाले. नुकसान तिच्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर होते, आणि त्या एका नितळ गुडघ्यावरून आम्ही सगळे बाळ गृहीत धरले. नमुन्याच्या जागा आता मी छायाचित्रांवरून आधी ठरवते, आणि ज्या जागेबद्दल सगळ्यांना आशा असते ती सर्वांत शेवटी.

आजींशी पहिल्याच आठवड्यात बसायला हवे होते. आम्ही त्यांना चित्र कोणाच्या मालकीचे, कधी हलवले, एवढेच विचारले. मेणबत्त्या कुठे लावत, किती लावत, कोणत्या रात्री, हे विचारले नाही. ख्रिस्तजन्माच्या चित्रापुढे वर्षातली सर्वांत जास्त ज्योत कोणत्या रात्री असणार, हे सुचायला यंत्र लागत नाही.

अंतरिम अहवालातला ट्रेंटचा परिच्छेद आम्ही नंतर दुरुस्त केला. मूळ प्रत मात्र आधीच वाटली गेली होती आणि गावाच्या माहितीपत्रकात काही काळ तीच गोष्ट छापली जात राहिली. अंदाज ‘अंदाज’ म्हणून लिहिला असता तर एवढे झाले नसते.

प्रस्तावात उस्तादाचे नाव घालायचे की नाही, यावर माझे मत सहकाऱ्यांपेक्षा कडक आहे. घालू नये. पैसे मिळायला उशीर झाला तरी चालेल. चित्रशाळेचे चित्र स्वतःच्या बळावर मदतीला पात्र आहे असे मांडता आले पाहिजे, आणि या चित्राबाबत ते सहज मांडता आले असते; त्या मेंढपाळाचा फिरवलेला हात एवढा एकच फोटो पुरला असता.

आजींच्या डबीतल्या पापुद्र्यांपैकी बहुतेकांना जागा सापडली. झाकणावरच्या तारखांमुळे कोणता तुकडा कोणत्या सांध्याचा, हे ताडता आले. अकरा तुकडे कुठेच बसले नाहीत. त्यातला एक फिकट गुलाबी आहे. ते एका काचेच्या कुपीत घालून फाइलसोबत ठेवले आहेत, आणि ती गोळ्यांची डबीही, झाकणासकट.